ब्रांडनबुर्ग कॉन्चेर्तो, क्रमांक ५

विख्यात जर्मन संगीतरचनाकार योहान सेबास्टिअन बाख (१६८५–१७५०) याची बासरी, व्हायोलिन, हार्पसिकॉर्ड व तंतुवाद्यवृंद यांसाठी केलेली डी मेजर स्वरातील रचना. कोथेनच्या राजदरबारी संगीतप्रमुख असताना त्याने ‘विविध वाद्यांसाठी’ म्हणून रचलेल्या सहा कॉन्चेर्तोंचे हस्तलिखित ब्रांडनबुर्गचा मारग्राफ क्रिस्टिआन लूटव्हिख याला २४ मार्च १७२१ रोजी अर्पण केले. त्यांतील ही पाचवी रचना. या सहाही रचना प्रथम १८५० मध्ये प्रसिद्ध झाल्या.

बरोक काळातील कॉन्चेर्तोत एकलवादकांचा लहान गट आणि वाद्यवृंद यांचे आलटून पालटून वादन होते. वृंदाचा प्रारंभीचा स्वरबंध ध्रुवपदाप्रमाणे पुन्हापुन्हा येतो. या व्यवस्थेत हार्पसिकॉर्डचे काम खर्जाच्या आधाराने स्वरमेळ भरून काढण्याचे, म्हणजे साथीचे असे. प्रस्तुत रचनेत बाखने या साथीच्या वाद्यालाच एकलवादकांत स्थान दिले. कळफलकाच्या वाद्यासाठी रचलेली ही पहिली महत्त्वाची कॉन्चेर्तो मानली जाते. १७१९ मध्ये बाखने बर्लिनहून कोथेनला नवे हार्पसिकॉर्ड आणले होते. ही रचना त्या वाद्यासाठी केली असावी, असे अनुमान आहे.

पहिल्या भागात आरंभी बासरी व व्हायोलिन यांना प्राधान्य दिसते. हळूहळू हार्पसिकॉर्डची लय दुणावते, इतर वाद्ये विरळ होत जातात आणि अखेर सर्व वाद्ये थांबून केवळ हार्पसिकॉर्ड उरते. भागाच्या एकूण २२७ मापांपैकी ६५ मापे या एकट्या वादनाने व्यापली आहेत. त्यानंतर वृंद नऊ मापांचे ध्रुवपद वाजवून भाग संपवितो. दुसऱ्या संथ भागात वृंद मूक असून केवळ तिन्ही एकलवाद्ये संवाद करतात, तर नृत्यलयीच्या तिसऱ्या भागात सर्व वाद्ये समतोलाने एकत्र येतात.

हे प्रदीर्घ एकलवादन रचनेचा तोल बिघडविते काय, हा समीक्षेतील मुख्य प्रश्न आहे. सूझन मॅक्लेरी या अमेरिकन विदुषीने १९८७ मध्ये त्यात सेवकवर्गातील वाद्याने प्रस्थापित उतरंड उलथविल्याचा सामाजिक अर्थ पाहिला. तथापि या उत्कर्षाची पूर्वतयारी आधीच्या मापांत क्रमाने झालेली असल्याने तो उपरा वाटत नाही. रचनेच्या पूर्वीच्या आराखड्यात हा अंश बराच लहान होता. बाखने तो जाणीवपूर्वक वाढविला.

साथीच्या वाद्याचा असा उत्कर्ष भारतीय संगीतातही आढळतो. गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) यांनी संवादिनीला स्वतंत्र वादनाची प्रतिष्ठा दिली, तर रामनारायण (१९२७–२०२४) यांनी मुंबईत १९५६ पासून सारंगीचे एकलवादन रूढ केले. मात्र तेथे साथीदार मुख्य कलाकारापासून वेगळा होऊन स्वतंत्र मैफल करतो. बाखच्या रचनेत हे स्थित्यंतर एकाच वादनात, श्रोत्यांसमक्ष आणि पूर्णतः लिखित स्वरूपात घडते.

सादरीकरणात हार्पसिकॉर्डऐवजी पियानो योजण्याची प्रथाही होती. त्याने नाद भारदस्त होतो. परंतु पियानो पहिल्या मापापासूनच नायक भासतो आणि साथीदाराचा नायक होण्यातील नाट्य हरपते. मोठ्या वृंदात हार्पसिकॉर्डचा क्षीण नाद बुडतो. म्हणून मूळ लहान वाद्यमेळच या रचनेला न्याय देतो.