उडत्या पाखराचे चित्र

मुलुंड-भांडुपच्या पूर्वेस, ठाणे खाडीच्या चिखलात रोहित पक्षी उतरले, की त्यांची छायाचित्रे घरोघरी पोहोचतात. ती पाहून मला कौतुक वाटते. समाधान मात्र क्वचितच. सेकंदाच्या दोन हजाराव्या भागात टिपलेल्या पंखाचे पीस न् पीस दिसते, पण पाखरू जणू आभाळाला टाचणीने टोचलेले! १८८२ साली फ्रान्सच्या मारे यांनी बंदुकीच्या घाटाच्या कॅमेऱ्याने सेकंदाला १२ चित्रे घेतली, ती उड्डाणाचा अभ्यास म्हणून. कलेचे काम निराळे. शटर साठाव्या भागापर्यंत मंद ठेवून पाखराबरोबर कॅमेरा फिरवावा; डोके रेखीव राहते, पंख पुसट होतात आणि गती डोळ्यांना जाणवते.

याहून मोठा दोष चौकटीबाहेरचा आहे. रोहिताला ‘अग्निपंख’ही म्हणतात, ती लाली पंख उघडल्यावरच खुलते. तेवढ्यासाठी कोणी थव्यात होडी घालून चरती पाखरे उठवतात. २०१५ साली अभयारण्य ठरलेल्या खाडीत हे शोभते काय? भरतीचे पाणी चिखलावर चढले, की थवा आपणहून उठतोच. तोवर थांबणे हाही कलेचाच भाग. भ्यालेल्या थव्याचे चित्र कितीही देखणे असो, मी त्याला चांगले म्हणणार नाही.