माफीनाम्यातील गैरहजर माणूस

मे २०२१ मध्ये दूरचित्रवाणीवरील अभिनेत्री मुनमुन दत्ता यांनी एका चित्रफितीत, यूट्यूबवर यायचे म्हणून आपल्याला चांगले दिसायचे आहे, अमुक जातीसारखे नाही, असे उद्गार काढले. ही जात म्हणजे पिढ्यान् पिढ्या इतरांची घाण उपसायला लावलेली माणसे. त्याच महिन्यात युविका चौधरी यांनी स्वतःच्या अवताराविषयी बोलताना तेच जातिनाम वापरले. दोघींनी माफी मागितली. शब्दाचा अर्थ ठाऊक नव्हता, हे दोघींचे स्पष्टीकरण.

या माफ्या प्रामाणिक होत्या काय? कुणाच्या मनात शिरून पाहण्याचे साधन समीक्षेजवळ नाही. तिच्यासमोर असते ती संहिता, आणि ती पुरेशी बोलकी आहे. ‘चांगले दिसणे’ याच्या विरुद्ध टोकाला जो शब्द नेमका येऊन बसतो, त्याचा कोशातील अर्थ बोलणारीला ठाऊक नसेलही; त्याचा उपयोग मात्र पक्का ठाऊक असतो. अर्थ न कळताच शिवी जिभेवर बसते, कारण ती घरादारातून, शेजारातून, मैत्रिणींच्या बोलण्यातून आयती मिळालेली असते. तेव्हा ज्या अज्ञानाची सबब पुढे केली जाते, तेच जातिव्यवस्थेचा पुरावा ठरते. हा शब्द मला कुणी शिकवला, असा प्रश्न या माफीनाम्यांना पडत नाही.

नकळत दुखावलेल्यांची माफी मागितली की अपराध बोलणाऱ्याच्या जिभेवरून ऐकणाऱ्याच्या मनावर सरकतो. वास्तविक प्रश्न माणसाच्या प्रतिष्ठेचा आहे. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा जातिवाचक अवमानाला गुन्हा मानतो, तो कुणाच्या हळवेपणाची कीव येऊन नव्हे. हरियाणातील हांसी येथे दोघींविरुद्ध गुन्हे नोंदले गेले. ऑक्टोबर २०२१ मध्ये चौधरी यांना अटक होऊन जामीन मिळाला. दत्ता यांची माफी गुन्हा नोंदण्यापूर्वीच आली होती, हे त्यांच्या बाजूने नमूद केले पाहिजे. पण माफी लवकर आली म्हणून ती खोल गेली, असे होत नाही.

आपल्याला प्रत्येक जातीतील प्रत्येक व्यक्तीविषयी आदर आहे, असे दत्ता यांनी म्हटले. येथेच या माफीचे मर्म उघडे पडते. प्रत्येक जातीचा आदर म्हणजे श्रेणीबद्ध विषमतेला केलेला नमस्कार! बाबासाहेबांनी १९३६ साली मागणी केली ती जातींच्या सन्मानाची नव्हे, त्यांच्या निर्मूलनाची.

मैला हाताने उपसण्याविरुद्ध १९९३ आणि २०१३ साली कायदे झाले, तरी गटारात माणसे मरतच आहेत. ज्या माफीत हा माणूस कुठेच उभा नाही, ती त्याची माफी कशी? ती प्रेक्षकांची मनधरणी आहे.