या रीलमध्ये चढ कुठाय?

पाऊस लागून महिना-दीड महिना झाला की फोनवर तीच रील्स सुरू होतात. ड्रोन सागाच्या शेंड्यांवरून निघतो, धुक्यातून जातो आणि एकदम खाली पाणी. तानसा, मोडकसागर, भातसा, बारवी. सांडव्यावर फेस उसळतोय, मागे बासरी वाजतेय, आणि ‘मुंबईपासून दोन तासांवर स्वर्ग’ छापाची एक ओळ. मी शहापूरचा, म्हणून ही रील्स मला दरवर्षी चार-पाच जण तरी पाठवतात. ‘तुझं गाव काय भारी आहे रे!’ मी बघतो, पुन्हा बघतो. सुंदर असतात, यात वाद नाही. पण पाच-सहा पावसाळे ती बघून झाल्यावर आता त्यांच्याकडे सिनेमाकडे किंवा कवितेकडे बघतो तसं बघावं असं वाटतं. कॅमेरा वर गेल्याने काय दिसतं आणि काय दिसेनासं होतं?

उंचावरून पाणी बघण्याचा सगळ्यात मोठा सोहळा ऑस्ट्रेलियात होतो. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात कटी थंडा-लेक एअर नावाचं तळं आहे. त्याचा सगळ्यात खोल भाग समुद्रसपाटीच्याही सुमारे 15 मीटर खाली. बहुतेक वर्षं तिथे पाणी नसतंच, मिठाचा पांढरा पापुद्रा असतो. तो इतका सपाट आणि टणक की 1964 साली डोनाल्ड कॅम्पबेलने त्याच्यावर मोटारीच्या वेगाचा विक्रम केला. त्याच्या आदल्या वर्षी मात्र पाणी आलं आणि त्याला गाशा गुंडाळावा लागला होता. देशाच्या सुमारे एक षष्ठांश भागाचा उतार या तळ्याकडे आहे. दूर क्वीन्सलंडमध्ये पूर आला की ते पाणी शेकडो किलोमीटर रांगत आठवड्यांनी इथे पोचतं, 2025 मध्ये पोचलं तसं. मग पक्षी येतात आणि विल्यम क्रीकसारख्या चिमुकल्या वस्तीवरून छोटी विमानं पर्यटकांना घेऊन उडतात. तळं पूर्ण भरलं तर साधारण साडेनऊ हजार चौरस किलोमीटर. पालघर वेगळा होण्याआधीचा आपला अख्खा ठाणे जिल्हा जवळपास एवढाच होता.

तिथे विमानात बसणं मला पटतं. काठावर उभं राहिलं तर क्षितिजाजवळ एक चकाकती रेघ दिसते, बस. जमीन सपाट, पाणी उथळ, टेकडी नाही की झाड नाही. नदीच्या मुखाशी गढूळ पाण्याचे फाटे कसे फुटतात, मिठामुळे कुठे गुलाबी तर कुठे दुधी रंग येतो, हे वर गेल्याशिवाय कळतच नाही. तिथली उंची बघणाऱ्याला काहीतरी देते. (तरीही मरी फ्रेडरिक्स नावाचा छायाचित्रकार त्याच तळ्यात तंबू ठोकून आठवडेच्या आठवडे एकटा राहिला. त्यावरचा ‘सॉल्ट’ हा 2009 चा माहितीपट मिळाला तर बघा. त्याच्या चौकटीत जवळजवळ काहीच नसतं, आणि तरी नजर हलत नाही.)

आता हीच नजर उचलून शहापूर-मुरबाडवर आणा. इथली जमीन सपाट नाही. सह्याद्रीचे सुळके, डोंगरांच्या सोंडा, खोल ओढे, टेकाडावरचे पाडे. वरून सरळ खाली बघितलं की यातली पहिली गोष्ट पुसली जाते ती म्हणजे उंची-खोली. जंगल गालिचा होतं, डोंगर सुरकुती होतो, आणि पाडा पाण्याला खेटून बसल्यासारखा दिसतो.

हे फक्त ड्रोनचं दुखणं नाही. उद्धव ठाकरे यांचं ‘महाराष्ट्र देशा’ (2010) हे हवाई छायाचित्रांचं पुस्तक आपल्यापैकी कित्येकांनी वाचनालयात चाळलं असेल. वरून बघितलेला किल्ला आराखड्यासारखा उलगडतो. तट कसा वळला, माची कुठवर गेली, सगळं एका नजरेत येतं आणि छाती भरून येते. पण कड्यावरून सरळ खाली बघणाऱ्या चित्रात कडा उरत नाही. आणि कडा हाच तर किल्ला बांधण्याचं कारण होता! त्यांचं ‘पहावा विठ्ठल’ (2011) मला जास्त जवळचं वाटतं. वारीचं मोठेपण गर्दीच्या विस्तारात आहे आणि तो विस्तार गर्दीत चालणाऱ्याला दिसू शकत नाही.

म्हणजे वरून बघणं वाईट असा नियम करता येत नाही. आपल्याकडे तर ही परंपरा विमानांच्या कितीतरी आधीची. ‘रघुवंशा’च्या तेराव्या सर्गात राम सीतेला पुष्पक विमानातून परत आणतो. वर्णन सगळं वरूनच, पण तो नुसतं निसर्गसौंदर्य दाखवत नाही. इथे तुझं पैंजण पडलेलं सापडलं, या डोंगरावर पावसाळा तुझ्याविना काढला, असं बोट दाखवत जातो. खालची वाट पायाने तुडवलेल्या माणसाचं ते हवाई चित्रण आहे. ‘मेघदूता’तला ढगही आरामात उडत नाही. त्याला वाटेत डोंगरावर टेकायचं असतं, नदीचं पाणी प्यायचं असतं, रिकामं व्हायचं असतं. कालिदासाच्या आकाशातून जमिनीशी व्यवहार चालू असतो. आपल्या रील्समध्ये बोट दाखवणारं कुणी नसतं. धरणाचं नाव हॅशटॅगमध्ये, पाड्याचं नाव कुठेच नाही.

गेल्या पावसाळ्यात असंच एक रील मी माझ्या आत्याला दाखवलं. तिचं सासर भातसाच्या बाजूचं. तिने चष्मा लावला, दोनदा बघितलं आणि म्हणाली, “पाणी बेस दिसतंय. पर यात चढ कुठाय?”

त्या रीलवर याहून चांगली समीक्षा कुणी लिहील असं मला वाटत नाही. कारण इथली सगळी गोष्ट चढाचीच आहे. तानसा 1892 चं, मोडकसागर 1957 चं. भातसा त्यानंतरचं, आणि मुंबईचं जवळपास निम्मं पाणी आज एकट्या भातसावर अवलंबून. पाणी दरीत साठतं आणि उताराने शहराकडे जातं. पाडे वर राहतात. वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या तालुक्यात मार्च-एप्रिलपासून टँकर फिरतात, आणि विहिरीच्या तळाशी उतरून वाटीने हंडा भरावा लागतो, तोही याच धरणांच्या आसपास. पाणी जवळ आहे, पण खाली आहे. ते वर चढवायला पंप, वीज, पाइप आणि मुख्य म्हणजे कुणाचीतरी इच्छा लागते. शेवटी शहापूरसाठी योजना आखली गेली ती पलीकडच्या इगतपुरी तालुक्यातल्या, घाटावरच्या भावली धरणातून उताराने पाणी आणण्याची. उशाला एवढी धरणं असताना बाहेरून पाणी का आणावं लागतं, याचं एक मोठं उत्तर त्या चढात आहे. ड्रोनने नेमका तोच सपाट केलेला असतो.

चांगलं रील कसं असेल? मला वाटतं, ते माहुलीवरून काढलेलं असेल. आसनगावला उतरून जो गड चढतो, त्याला वरून तानसाचा जलाशय दिसतो. ती उंचीच आहे, पण धापा टाकून कमावलेली. तिरप्या कोनात दरी दिसते, मधली गावं कळतात, पाणी किती खाली आहे ते गुडघ्यांना आधीच कळलेलं असतं. ड्रोनच वापरायचा तर निदान तसा वापरा. मे महिन्यात पाणवठ्यापासून हंडा डोक्यावर घेतलेल्या बाईच्या मागे, माणसाच्या उंचीवर, पाड्यापर्यंत, एकही कट न घेता. अर्थात तिला विचारून. बासरी नको, तिचा श्वास ऐकू येऊ दे. नव्वद सेकंदांत ते बसणार नाही हे मला माहीत आहे.

आणि मुरबाडकडे जाल तर बारवीचं एक करून बघा. उंची वाढवल्यावर 2019 च्या पावसाळ्यात ते धरण पहिल्यांदा नव्या पातळीपर्यंत भरलं. तेव्हा ‘बारवी ओव्हरफ्लो’ म्हणून आपण सगळ्यांनी लाइक ठोकले. त्या वाढीव पाण्यात तोंडली, मोहघर या बाजूच्या लोकांची घरं आणि शेतं गेली. उन्हाळ्यात पाणी उतरलं की धरणांच्या काठाला चिखलातून जुने बांध वर येतात. कुठला बांध कुणाचा, हे सांगणारी माणसं अजून आहेत. त्यांच्यातल्या एकाला कॅमेऱ्याच्या शेजारी उभं करायचं आणि बोट दाखवायला सांगायचं.