यॉर्कशायरचे मठ : अवशेषांचे सौंदर्य आणि नियमाचा विसर

इंग्लंडच्या उत्तरेकडील यॉर्कशायर परगण्यात मध्ययुगीन ख्रिस्ती मठांचे अनेक अवशेष आहेत. छप्पर नसलेल्या कमानी, भोवतालची हिरवळ, नदीकाठची शांतता यांनी पाहणारा मोहून जातो. तो मोह आम्हांसही झाला. परंतु मठ म्हणजे निसर्गचित्र नव्हे. नियमाने बांधलेल्या सामूहिक जीवनाची ती वास्तू होय. म्हणून हे मठ आज कसे पाहिले जातात, याची चिकित्सा करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

फाउंटन्स मठाचेच उदाहरण घेऊ. इ. स. ११३२ मध्ये यॉर्कच्या सेंट मेरी मठातील शिथिल आचारास विटून तेरा ख्रिस्ती भिक्षू बाहेर पडले. स्केल नदीच्या ओसाड खोऱ्यात राहून त्यांनी पुढे सिस्टर्शियन पंथाचा कडक नियम स्वीकारला. घंटांसाठी दगडी मनोरे उभारण्यास या पंथाने बाराव्या शतकातच मनाई केली होती. आज मात्र फाउंटन्समध्ये प्रथम नजरेत भरतो तो सुमारे ४९ मीटर उंचीचा मनोराच. १४९५ ते १५२६ या काळातील मठाधिपती मार्माड्यूक ह्यूबी यांनी तो उभारला. प्रेक्षक ज्याची छायाचित्रे घेतात, ती वस्तुतः मूळ नियमापासून ढळल्याची खूण आहे.

याउलट पश्चिमेकडील सुमारे ९० मीटर लांबीची इमारत पाहावी. खाली कोठार व श्रमिक बंधूंचे भोजनगृह, वर त्यांचे शयनगृह. हे बंधूही व्रतबद्धच होते. परंतु प्रार्थना गाणाऱ्या भिक्षूंहून त्यांचे स्थान निराळे व खालचे होते. ज्या लोकरीच्या व्यापाराने मठ संपन्न झाला, त्यामागे त्यांचे कष्ट होते. कमानींच्या लयीचे कौतुक करताना या विषमतेचा विसर पडणे आम्हांस उचित वाटत नाही.

दुसरा गैरसमज अवशेषांविषयीचा. हे मठ काळाच्या ओघात आपोआप ढासळले, असे दृश्य पाहून वाटते. वास्तविक आठव्या हेन्रीच्या राजवटीत १५३६ ते १५४० या काळात इंग्लंडमधील मठ बंद करण्यात आले. फाउंटन्सवर ही पाळी १५३९ मध्ये आली व त्याच्या छपराचे शिसेही काढून नेण्यात आले. १७६७ मध्ये विल्यम एझलबी यांनी हे अवशेष विकत घेऊन आपल्या स्टडली रॉयल उद्यानास जोडले. तेव्हापासून मठ हा बागेतील देखाव्याचा शेवट ठरला. १९८६ मध्ये जागतिक वारसा यादीत समावेश झाला, त्या नावातही आधी उद्यान येते, मागाहून मठाचे अवशेष.

याच परगण्यातील माउंट ग्रेस हा १३९८ मध्ये स्थापन झालेला कार्थूशियन मठ आम्हांस अधिक बोधप्रद वाटला. तेथे प्रत्येक भिक्षूस स्वतंत्र दुमजली घर व बाग असे. अन्न आत देण्याचा झरोका भिंतीत काटकोनात वळविलेला आहे, जेणेकरून देणाऱ्याचे व घेणाऱ्याचे मुख एकमेकांस दिसू नये. पुनर्रचित केलेल्या एका घरामुळे हे जीवन प्रत्यक्ष उमगते. जे काम फाउंटन्सचा भव्य मनोरा करीत नाही, ते हा हातभर झरोका करतो.

जिज्ञासूंनी हे मठ अवश्य पाहावेत. परंतु शिखराकडे पाहण्याआधी कोठार, भोजनगृह व निवास पाहावेत. तेथील माणसे कोणत्या नियमाने जगली, तो कोठे पाळला व कोठे मोडला, हे न विचारता केलेला प्रवास ही केवळ सहल होय.