छात्रालयातली रात्र

पारोळ्यात पाहुणा आला की आम्ही त्याला १७२७चा भुईकोट दाखवतो. राणी लक्ष्मीबाईंच्या माहेरच्या तांबे घराण्याचा विषय मग आपसूक निघतो. मला मात्र पाहुण्याला एसटीत बसवून बोरीकाठच्या अमळनेरला न्यावंसं वाटतं, प्रताप हायस्कूलच्या छात्रालयाची गोष्ट सांगायला. १९२४ साली तिथे शिक्षक म्हणून आलेले पांडुरंग सदाशिव साने छात्रालयातल्या पोरांमध्ये ‘गुरुजी’ झाले.

छात्रालय त्यांच्याकडे आलं, तेव्हा ते मुलांच्या खोल्या झाडत, विस्कटलेली अंथरुणं घडी करून ठेवत, आजाऱ्याच्या उशाशी बसत. मी अडतो तो त्या घडीपाशी. धुळ्याला मी वसतिगृहात होतो, तेव्हा आमचे रेक्टर दारावर छडी आपटायचे. आम्ही अंथरूण उचलायचो, म्हणजे पत्र्याच्या पेटीमागे कोंबायचो. शाळेतून परतल्यावर ते कुणीतरी नीट घडी घालून ठेवलेलं दिसलं असतं, तर? छडीपेक्षा ते फार जड गेलं असतं.

लिहिणंही त्याच हाताचं. ‘छात्रालय दैनिक’ ते हातानं लिहून मुलांसाठी काढत. वाचक मोजके, सगळे ओळखीचे. कोण घरच्या आठवणीनं कोमेजलाय, हे लिहिणाऱ्याला आधीच ठाऊक. पुढे ‘विद्यार्थी’ मासिक आलं. १९३० मध्ये नोकरी सोडून गुरुजी सत्याग्रहात गेले.

१९३३ साली नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहायला घेतली. तिच्यातल्या प्रकरणांना त्यांनी ‘रात्र’ म्हटलं. आश्रमातली प्रार्थना आटोपली की श्याम सांगतो, भोवतालचे ऐकतात, मध्येच काहीबाही विचारतात. लोक या पुस्तकात आई बघतात. मला आधी छात्रालय दिसतं. कंदिलाची वात, सतरंजीवर सरकून बसलेली पोरं, झोप आली तरी न उठणारी. कळण्याच्या भाकरीवर वाढलेल्या आमच्या पोरांना कोकणातली ती आई परकी वाटली नाही, याचं थोडं श्रेय मी या सांगण्याच्या बैठकीला देतो. ‘थोर अश्रू’ या प्रकरणात न्हालेल्या श्यामच्या ओल्या तळव्यांना माती लागू नये म्हणून आई धोंड्यावर आपलं लुगडं पसरते. ते वाचताना मला दर वेळी अमळनेरची ती घडी घातलेली चादर आठवते.

पाहुणा विचारतोच, “पण तिथं बघण्यासारखं काय आहे?”

मी त्याला आधी विचारतो, “तुला वळकटी बांधता येते का रे?”