चचा सामकडे मंटोंची मागणी

सआदत हसन मंटो म्हटले की आपल्याला फाळणीच्या कथा आठवतात. 1951 ते 1954 या काळात त्यांनी लाहोरहून ‘चचा साम’ला, म्हणजे अमेरिकेला, लिहिलेली नऊ उपरोधिक पत्रे मात्र मागे पडली. मे 1954 मध्ये अमेरिका-पाकिस्तान लष्करी मदतीचा करार झाला. त्याची चाहूल लागताच हा पुतण्या लाडिकपणे सुचवतो: भारताशीही असाच करार करा, गेल्या महायुद्धातली जुनी हत्यारे दोघांनाही विका. शस्त्रे कोणाकडे असावीत, यावर आपण वाद घालतो; मंटो विचारतात, विकतो कोण?

पुढे ते स्वतःसाठीही एक छोटासा अणुबॉम्ब मागतात. शत्रूसाठी नव्हे, भर रस्त्यात इस्तिंजा करणाऱ्या आपल्याच माणसांवर टाकायला! हे वाचून आम्ही आधी हसलो, मग ओशाळलो. हत्यार हाती आले की लक्ष्य घरातच सापडते. ही मदत मुल्लांना सशस्त्र करण्यासाठी आहे, हे त्यांचे म्हणणे आम्हांस सरसकट वाटते. पण मे 1998 मध्ये दोन्ही देशांनी अणुचाचण्या केल्या, दोन्हीकडे मिठाई वाटली गेली. त्या मिठाईचा कडवटपणा या पत्रांत आधीच उतरला होता.