बागबाजारातील विद्यार्थिनी

परक्या देशात हिंडून आलेल्या माणसाचे लेखन आणि परक्या देशात शिकावयास गेलेल्या माणसाचे लेखन ही दोन्ही सामान्यतः प्रवासवर्णनाच्या एकाच सदरात टाकली जातात. हे वर्गीकरण सोयीचे असले, तरी वाङ्मयविचाराच्या दृष्टीने त्याने बरेच नुकसान केले आहे. प्रवासी पाहतो आणि पुढे जातो. जे रुचत नाही ते टाळण्याची मोकळीक त्याला असते. विद्यार्थ्याला ती नसते. दुसऱ्याच्या घरची चूल, पाणी, निजावयाची जागा, सोवळेओवळे आणि बोलण्याची रीत यांच्या मर्यादेत त्याला आपले दिवस बसवावे लागतात. शिवाय तो शिकावयास आलेला असल्यामुळे यजमानांचा ऋणी असतो. हे ऋण आणि रोजच्या जगण्यातील हा संकोच यांच्या ओढाताणीतून त्याचे लेखन जन्माला येते. असे लेखन पारखताना त्यात परदेशाची माहिती किती आहे हे पाहणे दुय्यम होय. शिकणाऱ्याने दिलेली किंमत त्यात उमटली आहे की कृतज्ञतेच्या भरात पुसली गेली आहे, हा खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाच्या विवेचनाला भगिनी निवेदितेच्या लेखनाइतके उपयुक्त उदाहरण क्वचितच सापडेल. निवेदिता म्हटले की शाळा काढणारी शिक्षिका डोळ्यांपुढे येते. आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु ज्या बागबाजारात तिने शाळा काढली, त्या बागबाजारात ती स्वतः आधी विद्यार्थिनी होती. १८६७ साली आयर्लंडमधील डंगॅनन येथे जन्मलेली आणि पुढे लंडनजवळच्या विम्बल्डन येथे स्वतःची शाळा चालविणारी मार्गारेट नोबल २८ जानेवारी १८९८ रोजी कलकत्त्यास उतरली, ती शिकविण्याचा अनुभव गाठीशी घेऊन. येथे आल्यावर तिला अक्षरओळखीपासून आरंभ करावा लागला. स्वामी स्वरूपानंदांकडे तिने बंगाली भाषेचे पाठ घेतले. २५ मार्च १८९८ रोजी तिला दीक्षा मिळाली व नाव बदलले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात, कालीपूजेच्या दिवशी, बोसपाडा लेनमधील सोळा क्रमांकाच्या घरात शारदादेवींच्या हस्ते तिच्या शाळेचा प्रारंभ झाला.

उत्तर कलकत्त्यातील बागबाजार हा त्या काळी जुन्या वळणाच्या हिंदू कुटुंबांचा भाग होता. गिरीशचंद्र घोष यांचे घर येथेच. रामकृष्णांच्या गृहस्थ भक्तांपैकी बलराम बसूंचे घरही येथेच. मराठी वाचकाला या जागेविषयी आणखी एका कारणाने कुतूहल वाटावे. मराठ्यांच्या स्वाऱ्यांच्या धास्तीने १७४२ साली खणावयास घेतलेला आणि कधीच पुरा न झालेला 'मराठा खंदक' बागबाजारापासून सुरू होत असे, आणि तेथील एका गल्लीने त्याचे नाव जतन करून ठेवले आहे. बाहेरून येणाऱ्याला रोखण्याची स्मृती ज्या वस्तीच्या नावागावांत आहे, त्या वस्तीत दीडशे वर्षांनंतर राज्यकर्त्यांच्या देशातून आलेली एक एकटी स्त्री बिऱ्हाड करू पाहत होती. ती तेथे सामावली कशी, हे तिच्याच लेखनातून समजून घ्यावे अशी अपेक्षा वाचकाने बाळगली, तर त्यात अवाजवी काही नाही.

या अपेक्षेने तिच्या 'द वेब ऑफ इंडियन लाइफ' या १९०४ साली लंडनहून निघालेल्या ग्रंथाकडे वळणारा वाचक प्रथम प्रभावित होतो आणि नंतर काहीसा निराश होतो. ग्रंथाची मांडणी मागाच्या रूपकावर आधारलेली आहे. पहिल्या प्रकरणात ताणा लावला जातो, शेवटच्यात काळाच्या मागाचा उल्लेख येतो. मधल्या प्रकरणांतून माता, पत्नी, जाती, पुराणकथा, शिव, बुद्ध, तीर्थयात्रा असे धागे विणले जातात. आरंभी जी गल्ली आणि जे अंगण दिसते, ते जिवंत आहे. लेखिकेची नजर तीक्ष्ण आहे आणि शेजारणींविषयीचा तिचा जिव्हाळा अकृत्रिम आहे. पण ग्रंथ जसजसा पुढे सरकतो, तसतशी ती गल्ली मागे पडते आणि 'हिंदू स्त्री', 'पौर्वात्य माता' अशा सामान्य संकल्पना तिची जागा घेतात. जी स्त्री हे सारे शिकत होती, ती तर वस्त्रातून जवळजवळ नाहीशीच होते. तिला कशाची सवय करून घ्यावी लागली, कोणती रीत तिला जड गेली, याचा मागमूस उरत नाही.

याचे कारण उघड आहे. इंग्रज वाचकापुढे हिंदी जीवनाची जी विकृत चित्रे मिशनरी प्रचारातून मांडली जात होती, त्यांना उत्तर देण्याच्या उद्देशाने हा ग्रंथ सिद्ध झालेला आहे. वकिलाला आपल्या अशिलाच्या घरात आपल्याला झालेला त्रास न्यायालयात सांगून चालत नाही. वकिली ही त्या काळाची गरज होती आणि निवेदितेने ती निर्भयपणे केली, हे मान्य केलेच पाहिजे. तथापि वकिलीची भरपाई वाङ्मयाला करावी लागली, हेही त्याचबरोबर मान्य करावे लागेल.

ही भरपाई सर्वांत स्पष्ट दिसते ती जाती आणि वैधव्य यांच्या विवेचनात. जातिसंस्थेवरील प्रकरणाच्या शीर्षकातच कुलीनांच्या कर्तव्यभावनेचा निर्देश आहे. जात म्हणजे मान आणि मानाबरोबर येणारे बंधन, असा त्यातील सूर आहे. विधवेकडे ती घरात राहून व्रतस्थ जीवन जगणारी संन्यासिनी म्हणून पाहते. ज्या मराठी वाचकाच्या मागे जोतीराव फुले यांची १८७३ ची 'गुलामगिरी' आणि ताराबाई शिंदे यांची १८८२ ची 'स्त्रीपुरुषतुलना' उभी आहे, त्याला हे विवेचन पटणे कठीण. बंधनाचा मान कोणाच्या वाट्याला आला आणि काच कोणाच्या, हा प्रश्न त्याच्या मनात तत्काळ उभा राहतो. निवेदितेला तो सुचला नाही, यात तिच्या बुद्धीची उणीव शोधू नये. तिला जे घर उघडले गेले, ते उच्चवर्णीय श्रद्धावंतांचे होते. त्या घराने स्वतःविषयी जे सांगितले, ते तिने मन लावून शिकून घेतले. विद्यार्थ्याचा अभ्यास यजमानाच्या उंबरठ्याने मर्यादित होतो. आणि तो उंबरठा ओलांडून आत येऊ देण्यात यजमानाने मोठे औदार्य दाखविलेले असेल, तर त्या मर्यादेची जाणीव होणे अधिकच अवघड होते.

परंतु निवेदितेविषयीचा निर्णय येथे थांबवणे अन्यायाचे होईल. १९१० साली प्रसिद्ध झालेला 'द मास्टर ॲज आय सॉ हिम' हा तिचा ग्रंथ नावाप्रमाणे गुरूविषयी आहे. तरी शिष्येच्या शिकण्याचा खरा वृत्तांत याच ग्रंथात आला आहे. १८९८ च्या उन्हाळ्यात अल्मोड्यास विवेकानंदांनी तिच्या इंग्रज राष्ट्राभिमानावर जे आघात केले आणि त्यांनी ती जी व्याकुळ झाली, त्याची कबुली ती येथे देते. जुने ग्रह सोडताना होणारी वेदना तिने झाकलेली नाही. गुरूच्या महतीसाठी शिष्येची वेदना सांगणे आवश्यक होते, म्हणून तिला स्वतःविषयी बोलण्याची सवलत मिळाली, असेही म्हणता येईल.

याच ग्रंथात बागबाजारातील पहिल्या दिवसांचे जे वर्णन आहे, ते तिच्या साऱ्या लेखनातील अत्यंत मोलाच्या भागांपैकी एक होय. ती आरंभी शारदादेवींच्याच घरी उतरली आणि आठदहा दिवसांनी जवळच्या वेगळ्या घरात राहावयास गेली. मागे वळून पाहताना ती लिहिते त्याचा आशय असा : आपल्या अविचाराने त्या निष्पाप यजमानीणबाईंवर, इतकेच नव्हे तर दूरच्या खेड्यातील त्यांच्या नातलगांवर केवढा सामाजिक संकोच ओढवला असता, हे तेव्हा नीट कळते, तर आपण तसे वागलो नसतो. पुढे उन्हाळा कडक झाल्यावर शारदादेवींच्याच आज्ञेने ती रात्री निजावयास त्यांच्या घरी जाऊ लागली. तेथे तिला स्वतंत्र खोली नव्हती. तांबड्या, गुळगुळीत फरशीवर ओळीने अंथरलेल्या चटया, उशा आणि मच्छरदाण्या यांत इतर स्त्रियांबरोबर तिचीही जागा असे.

या थोड्या वाक्यांत 'वेब' ग्रंथातील कितीतरी पृष्ठांपेक्षा अधिक सत्य आहे. आतिथ्य म्हणजे यजमानाने पत्करलेला धोका असतो, हे पाहुण्याला उशिरा कळते. आणि ते कळणे हीच त्याच्या शिक्षणातील खरी इयत्ता होय. या आठवणीत 'पौर्वात्य माता' नाही. जातीबाहेरच्या मुलीला घरात ठेवल्यामुळे गावाकडे काय बोलले जाईल हे पुरते ओळखून असलेली, आणि तरीही उकाड्यात तिला आपल्या घरी निजावयास बोलावणारी एक विशिष्ट स्त्री आहे. सोवळ्याचा काच आणि त्या काचातून वाट काढणारे औदार्य, दोन्ही एकाच वेळी दिसतात. शारदादेवींनी १८९८ च्या मार्चमध्ये या परदेशी स्त्रियांबरोबर बसून खाल्ले होते. पुढे गोपालेर मा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वृद्ध, कर्मठ ब्राह्मण विधवेने आयुष्याची शेवटची वर्षे, १९०६ पर्यंत, निवेदितेच्याच घरी काढली. जुळवून घेणे एकाच बाजूने झाले नाही. बागबाजारही तिच्याशी जुळवून घेत होता. 'वेब' मध्ये बागबाजार अचल आणि परिपूर्ण दिसतो. १९१० च्या ग्रंथात तो हलतो. वाङ्मयदृष्ट्या दुसरे चित्र श्रेष्ठ ठरते, ते याच कारणाने.

मराठीतील एक उदाहरण येथे तुलनेस घेण्याजोगे आहे. निवेदितेच्या आगमनापूर्वी पंधरा वर्षे, ७ एप्रिल १८८३ रोजी, आनंदीबाई जोशी कलकत्त्याच्याच बंदरातून अमेरिकेस निघाल्या. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयातून ११ मार्च १८८६ रोजी त्यांनी पदवी मिळवली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षे पुरी होण्याच्या आत, पुण्यास त्यांचे निधन झाले. त्यांना ग्रंथ लिहावयास आयुष्य पुरले नाही. पत्रे मात्र उरली. निवेदितेने 'वेब' मध्ये जे गाळले, ते सारे त्या पत्रव्यवहारातून हाती लागते : बोचरी थंडी, धुराने भरणारी शेगडी, शाकाहार सांभाळताना होणारी ओढ, नऊवारी लुगड्याऐवजी थंडीत अंग झाकणारे गुजराती वळणाचे नेसणे पत्करावे की नाही याविषयीचा विचार. त्याहून महत्त्वाचे असे की, दूर गेल्यावरच त्यांना पतीला त्याने बालपणी केलेल्या मारहाणीविषयी लिहिता आले. परदेशातील शिक्षणाने परदेशापेक्षाही स्वतःचे घर त्यांना अधिक स्वच्छ दाखवले.

या पत्रांचे पुढे जे झाले, तेही उद्बोधक आहे. कॅरोलाइन डॉल यांच्या १८८८ च्या इंग्रजी चरित्रापासून काशीबाई कानिटकरांच्या १८८९ च्या मराठी चरित्रापर्यंत आणि तेथून श्री. ज. जोशी यांच्या १९६८ च्या 'आनंदी गोपाळ' कादंबरीपर्यंत आनंदीबाई दुसऱ्यांच्या हातून घडत गेल्या. काशीबाईंनी पत्रे जपली, हे त्यांचे मोठे उपकार होत. पण वाचकांच्या मनात जी आनंदीबाई स्थिर झाली, ती धुराच्या खोलीतील तर्कशुद्ध, कधी चिडणारी विद्यार्थिनी क्वचितच होती. ती बहुधा अकाली विझलेली ज्योत होती. एका विद्यार्थिनीने स्वतःला स्वतःच्या हाताने पुसले, दुसरीला इतरांच्या गौरवाने झाकले. दोन्ही वेळा बळी गेला तो रोजच्या दिवसाचा.

निवेदितेच्या वृत्तीतील हा पेच तिच्या समकालीनांपैकी रवींद्रनाथांना सर्वांत अचूक कळला होता. तिच्या मृत्यूनंतर १९११ साली लिहिलेल्या लेखात त्यांनी तिला लोकमातेच्या पदवीला नेले आणि तिच्या स्वभावातील लढाऊपणाचाही स्पष्ट उल्लेख केला. त्याआधी, १९१० साली ग्रंथरूपाने आलेल्या 'गोरा' कादंबरीत, हिंदू आचारांचा कडवा कैवार घेणारा नायक जन्माने आयरिश असल्याचे त्यांनी शेवटी दाखवले. गोरा म्हणजे निवेदिता, असे समीकरण मांडणे उथळपणाचे ठरेल. तरीही स्वीकारलेल्या घराचा कैवार जन्मजात घराच्या कैवारापेक्षा अधिक कठोर का होतो, हा प्रश्न त्या कादंबरीने ज्या सहानुभूतीने हाताळला आहे, तिचा उपयोग 'वेब' वाचताना झाल्याशिवाय राहत नाही. ज्याचे स्थान जन्माने निश्चित झालेले असते, त्याला आपल्या घरातील दोष बोलून दाखवता येतो. ज्याला ते रोज नव्याने मिळवावे लागते, त्याला त्या दोषाविषयी मौन पाळावेसे वाटते.

१३ ऑक्टोबर १९११ रोजी दार्जिलिंग येथे निवेदितेचे निधन झाले. १९८२ साली शंकरीप्रसाद बसू यांनी तिची पत्रे दोन खंडांत संपादित करून प्रसिद्ध केली, तेव्हापासून तिच्या ग्रंथांचे वाचन पूर्वीसारखे राहू शकत नाही. 'वेब' हा केवळ हिंदी जीवनाचा ग्रंथ म्हणून वाचला, तर त्यातील जाती व वैधव्य यांविषयीची मते आज मागे पडलेलीच वाटणार. बागबाजारातील एका शिकणाऱ्या स्त्रीने ऋणाच्या पोटी काय सांगितले आणि काय सांगितले नाही, याचा पुरावा म्हणून १९१० च्या ग्रंथाशेजारी व पत्रांशेजारी ठेवून तो वाचला, तर त्याचे महत्त्व कमी न होता वाढते.

परदेशी शिकावयास गेलेल्यांचे मराठी लेखन आज विपुल आहे, आणि त्यातील बरेचसे यश सांगणारे किंवा देशांची तुलना करणारे आहे. त्याच्या परीक्षणाला हाच निकष लावणे इष्ट होईल. लेखक कोणाच्या घरात राहिला, त्या घराने त्याला काय दाखवले आणि कोणती दारे बंद ठेवली, आणि त्याला सामावून घेताना त्या घराला स्वतःला किती बदलावे लागले, हे ज्या लेखनातून कळते ते टिकेल. तांबड्या फरशीवरील चटयांच्या ओळीत आपलीही एक चटई होती, हे सांगण्यास निवेदितेला बरीच वर्षे लागली. ते सांगितल्यामुळेच तिने दिलेली बागबाजाराची साक्ष विश्वसनीय ठरली आहे.